चौतिसावी

३ जून, मंगळवार
रंजिता, आठवतं? आठवीत कर्नाळ्याच्या सहलीहून परतताना सिस्टर आगाथा बसमध्ये एकेकीच्या डोक्याला बोट लावून आपल्याला मोजायच्या. तू वाकून माझ्यामागून पुन्हा डोकं वर काढायचीस. एक मुलगी जास्त! सिस्टर पुन्हा पहिल्यापासून.

आज ते फार आठवलं. विचुंब्याच्या नव्या घरात सामान लागलं आणि नेमणुकीचं पत्र आलं: तुरुंगाची अशासकीय अभ्यागत. दर मंगळवारी जायचं, कैद्यांचं आणि शिपायांचं कसं चाललंय ते पाहून सरकारला कळवायचं. अधीक्षकांनी चहा दिला, तोही आल्याचा. महिला बराक वीसजणींची, आहेत चौतीस. पाचच्या गिनतीला त्या जोडीजोडीने जमिनीवर बसल्या. एका जोडीत जागा मोकळी होती, मी हौसेने बसले. शिपाईण भीमाबाई डोक्यांना पेन्सिल टेकवत आली, माझ्याही टेकवली. "चौतीस. टोटल जुलली," म्हणाली आणि डोळे पुसले. सोळा तासांची ड्युटी. दमली असेल बिचारी.

१० जून
ती जागा जनीची होती, कोन गावच्या म्हातारीची. जामिनाची वाट पाहणाऱ्या प्राचीने भाजी निवडता निवडता सांगितलं. आठ दिवस ताप, डॉक्टर आलेच नाहीत. तीन तारखेला दुपारी ती गेली. संध्याकाळी तिच्या जागी मी बसले. रजिस्टरात जनी अजून हजर आहे. लेक भेटीला येते, तिला फाटकावरून सांगतात, आई आजारी आहे.

भीमाबाईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "टोटल नाय जुलली तर कोनीच घरी जात नाय, बाई. मीबी नाय. तुमी देवासारख्या येऊन बसल्या."

अहवाल लिहून दिला.

१३ जून
पाच वाजता घरी चहा गाळत होते. डोक्याला काहीतरी टेकलं. थंड, टोकदार. कालही टेकलं होतं. भान आलं तेव्हा मी फरशीवर उकिडवी बसले होते, शेजारी एकीपुरती जागा सोडून.

१७ जून
अधीक्षकांनी अहवाल परत दिला. अदबीने म्हणाले, जनी रोज मोजली जाते, मग मेली कशी?
फाटकावरच्या वहीत तीन तारखेला माझी आत आल्याची सही आहे. बाहेर गेल्याची नाही. पण मी घरी गेले होते. गेले होते ना—

२४ जून
निघताना फाटक उघडलं नाही. शिपाई म्हणतो, अभ्यागत बाई आज आल्याच नाहीत. भीमाबाईने हात धरून आत आणलं. "चल जने," म्हणाली. मायेने.

पाच वाजत आलेत. प्राचीला जामीन मिळाला, ही वही तिच्या पिशवीत—
प्राची, अहवाल जिल्हा न्यायाधीशांना दे. माझा चष्मा इथेच राहू दे, इथल्या म्हाताऱ्या आळीपाळीने लावतील. सहलीचा फोटो रंजिताला. जनीचं कांबळं कोनला, तिच्या लेकीला. तिला सांग, आई आजारी नाही. फाटकाशी थांबू नकोस. तुझी आई तीन जूनला दुपारीच—