तिसऱ्या बाकावरचं न्हाय

८ सप्टेंबर

आज नव्या पोरांना गणितात मॅट्रिक्सची रँक शिकवली. शेवटी नेहमीचं विचारलं, "कळलं?" सगळा वर्ग एका सुरात — "येस मॅम." कुणाला काही कळलेलं नसतं. पण एकानं नाही म्हटलं की लेक्चर लांबतं आणि कॉलेजची बस चुकते.

मग खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून आलं — "न्हाय मॅडम."

तो बाक रिकामा आहे.

९ सप्टेंबर

सृष्टीचा बाक तो. गेल्या वर्षीची, होटगी गावची. एवढ्या वर्षांत न कळल्यावर तसं सांगणारी ती एकटीच. पहिल्या दिवशी सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले थोडी — आमच्या घरी तेलुगू, आणि मराठी शिकले ती शाळेतल्या बाईंची, शुद्ध. ही ढिम्म. "हसा की. मला न्हाय कळलं तर न्हायच म्हननार." मी परत शिकवलं. तेव्हा हसणाऱ्यांनीच आधी वह्या उघडल्या.

दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यूनं गेली. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुट्टी संपल्यावर मी हजेरीत तिचं नाव पुकारलं.

१५ सप्टेंबर

ते न्हाय रोज येतं. आलं की माझा हात आपोआप डस्टरकडे जातो. पुसते, पहिल्यापासून सुरू करते.

भीती वाटते. पण एखाद्या दिवशी आलंच नाही तर — याची जास्त वाटते.

१८ सप्टेंबर

अम्मा म्हणाली, "जेवताना कुणाशी बोलत असतेस?" कुणाशीच नाही म्हटलं.

२२ सप्टेंबर

आमचे एचओडी, इंद्रजीत सर, यांनी बोलावलं. "वैजयंती मॅडम, बाकीच्या डिव्हिजन दुसऱ्या युनिटवर गेल्या. तुम्ही अजून रँकवरच. पोरं हो म्हणाली की पुढं जायचं ना." उद्या मागे बसून लेक्चर बघणार आहेत. असंच चाललं तर एम-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, काढून घेतील आणि मला परीक्षा विभागात बसवतील.

मग त्या वर्गात माझं काय काम उरणार? तिचं कोण ऐकणार?

२३ सप्टेंबर

ठरवून गेले होते, थांबायचं नाही. "कळलं?" "येस मॅम." पुढचं हेडिंग लिहायला वळले आणि — आलंच. आज अगदी कानाशी.

पुसला फळा. काय करणार!

 बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, "मॅडम, झोप लागते का नीट?" सोमवारपासून एम-वन दुसऱ्या कुणाकडे.

२६ सप्टेंबर

शेवटचं लेक्चर. राहवलं नाही, वर्गाला विचारलं, "हे न्हाय कोण म्हणतं रे?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. हसलं मात्र कुणी नाही.

जाताना त्या बाकावर हात फिरवून आले. रडले मग, जिन्यात.

२७ सप्टेंबर

पहिल्या बाकावरची अंकिता स्टाफरूममध्ये आली. सगळा वर्ग सरांकडे जाऊन आलाय म्हणे — मॅडमच पाहिजेत. सर विचार करतो म्हणालेत.

दारापर्यंत जाऊन परत वळली. "काल सगळ्यांसमोर बोलले नाही, मॅडम. ते न्हाय तुम्हीच म्हणता की. फळ्याकडं तोंड करून. मग परत शिकवता तेव्हा आमाला पण मधे विचारायला लाज वाटत नाही." मग म्हणाली, "तुमचं गाव होटगी का? आवाज लई तिकडचा वाटतो तेव्हा."