सुखाच्या एकोणीस ओळी

मलंग, २३ जून २०१९

प्रिय वार्तिनीताई,

सलाम. तुझा गुडघा आता बरा असेल. इथे सकाळी चांगलाच गारठा असतो, बाकी मी ठीक आहे.

ईदला आले नाही म्हणून तू चिडलीस, असं सुकेसीमावशींकडून कळलं. "प्रबंध काय पळून जातोय का तिचा?" असं म्हणालीस म्हणे. नाही पळत. प्रबंधाचं मी निमित्त केलं.

मी करते काय, हे तू खाणावळीत पुड्या बांधता बांधता नेहमी विचारतेस आणि मी नेहमी टाळते. आपली माणसं सुखाबद्दल बोलताना त्याला कशाचं रूप देतात, ते मी शोधते. हजारो पानं संगणकात घालायची आणि एक शब्द द्यायचा. तो शब्द जिथे जिथे आला असेल ती प्रत्येक ओळ संगणक एकाखाली एक लावून देतो. पुढचं काम आपलं, एकेक ओळ वाचायची. वर्तमानपत्रांत सुख बहुतेक करून फुलतं, नाहीतर हरवतं. साध्या बायका काय लिहितात ते बघावं, म्हणून मी आपल्या घरची पत्रंही घातली. तुला न विचारता. चुकलंच माझं.

तीन गठ्ठे होते. आईनं सौदीहून स्वतःच्या हातानं लिहिलेली. मग तिचा हात दुखायला लागला म्हणून तिनं तुला फोनवर सांगितलेली, जी तू लिहून मला मदरशाच्या वसतिगृहात पाठवायचीस. आणि तुझी स्वतःची.

आमच्यात पद्धत अशी, की नावं काढून टाकून ओळी दुसऱ्याकडे द्यायच्या आणि त्यानं त्या आपल्या मनानं लावायच्या. माझ्या ओळी तेगार नावाच्या मित्रानं लावल्या. त्यानं दोनच गठ्ठे केले.

"अगं, माणसं दोनच आहेत ही," तो म्हणाला. "एकीचं सुख कायम लांब कुठेतरी, चालत जायचं तिथवर. दुसरीचं सरळ ताटात. वाढायचं, वाटायचं, कुणाला कमी पडू द्यायचं नाही. वाचून भूक लागली मला!"

मीही हसले. फाइल चुकीच्या कप्प्यात टाकली असेन असं वाटलं. तीनदा तपासलं. फोनवरच्या पत्रांत सुखाच्या एकोणीस ओळी आहेत आणि एकोणीसच्या एकोणीस ताटातल्या, तुझ्या स्वतःच्या पत्रांसारख्या.

लिहून घेताना तुझे शब्द मिसळले असतील, अशी मी महिनाभर स्वतःची समजूत घातली. थोडे मिसळतीलच की. पण आईसारखी बडबडी बाई चार वर्षं फोनवर बोलते आणि तिची एकही ओळ उरत नाही, असं कसं होईल, ताई?

ते शेवटचं पत्र. 'मी आता इथेच राहणार. वाट बघू नका. माझ्या वाटचं मी जेवले, तुझं वार्तिनीकडे झाकून ठेवलंय.' मी सतरा वर्षांची होते. त्या दिवसापासून मी आईला सोडलं. माझ्या लग्नात तिचं नाव कुणाला काढू दिलं नाही. बारा वर्षं मी तिला नाही नाही ते बोलले, आणि तू समोर बसून ऐकून घेतलंस.

ही पत्रं मी प्रबंधातून काढून टाकली आहेत. माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं, घरची परवानगी नाही.

तुझा राग आलाय का? आलाय, खूप आलाय. आणि तरी डोळ्यांसमोर येतेस ती एकवीस वर्षांची, पहाटे शेंगदाण्याची चटणी वाटणारी आणि दुपारी आई होऊन मला लिहिणारी. त्या पत्रांच्या जिवावर मी वसतिगृहात राहिले. नाहीतर पळूनच आले असते.

का केलंस, कसं केलंस, ते विचारत नाही. एकच विचारते. आईवर एवढा राग असूनही प्रत्येक नमाजानंतर मी तिच्यासाठी दुआ मागत आले. तिला बरं ठेव, सुखरूप ठेव, अशी. जिवंत माणसासाठी मागतात ती. मी दुसरी मागायला हवी होती का? आणि कधीपासून?

फोन करू नकोस. लिही. खाली सही मात्र तुझी कर.

तुझ्याच हातची,
नुनिंग