वाटणीचं औषध

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की मी अजून अक्षर नीट काढते. आज फार्मसी कॉलेजात मुलांशी बोलायला गेले होते. मोठ्या हॉस्पिटलात प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलांसाठी तिथं ऐच्छिक विषय सुरू झालाय, रुग्णाशी कसं बोलायचं याचा. मला हसूच आलं. आपल्या वेळी त्याला नाव नव्हतं आणि मार्कही नव्हते. बाजाराच्या दिवशी ज्याला यायचं त्याने एसटीने वेल्ह्याला यायचं आणि सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत तुमच्याशेजारी उभं राहायचं. हॉस्पिटलात ट्रेनिंगला कुणाचं नाव पाठवायचं, ते तुम्ही तिथंच ठरवायचात. भोरहून आलेल्या मला ती जागा इतकी हवी होती, की मी एकही बाजार चुकवायची नाही.

डोंगरातल्या वाडीवरची ती बाई तापलेल्या पोराला पाठुंगळी घेऊन पुन्हा आली, तो दिवस आठवतो. बाटली रिकामी, ताप तसाच. बाटलीवर आपण खाचांची कागदी पट्टी चिकटवायचो, एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. तुम्ही विचारता, "समदं यालाच पाजलं का गं?" ती म्हणते, "एकट्याला कसं पाजू? घरात येवढी मान्सं. ज्याची त्याला एकेक खाच दिली." माझ्याबरोबरची मुलं फिस्सकन हसली आणि तुम्ही भडकलात. "हसताय काय? पट्टी चिकटवलीत, ती कशाची हे तिला कुणी सांगितलं?" मग माझ्याकडे वळलात. "तू का न्हाई हसलीस?" मी म्हणाले, "सर, आमच्याकडंही सगळं वाटूनच खातात." त्या दिवसापासून बाटली हातात देण्याआधी समोरच्याकडून सगळं परत वदवून घ्यायचं, असा तुम्ही नियम केलात. ट्रेनिंगला माझं नाव गेलं. या मुलीला माणसं कळतात, असं तुम्ही दवाखान्यात सगळ्यांना सांगितलंत.

आज मुलांना हे सांगितलं. तीही हसली. मला राग आला नाही, पण पुढचं बोलवेना. तुम्हालाही ते कधी सांगितलं नाही. माझ्या लहानपणी आमच्या धाकट्या भावाला ताप चढला, तेव्हा आईनेही खाचेखाचेने असंच वाटलं होतं. तो त्यातून उठला नाही. सगळं त्यालाच मिळालं असतं तर उठला असता का, हे एवढं शिकूनही मला सांगता येत नाही. हे पत्र टपालात जायचं नाही, म्हणून लिहिते. माझ्या वाटणीची खाच मी प्यायले होते, सर. गोड लागलं होतं, आणि मी अजून मागितलं होतं.