सहा सभात्याग

१२ जानेवारी
आज सभात्याग केला. आयुष्यातला पहिला. नगरपालिकेची मासिक सभा सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. उठलो, टेबलावर हात आपटला, म्हणालो, आधी माझ्या वॉर्डातलं तुंबलेलं गटार, मग तुमची सभा. आणि तरातरा बाहेर. जिन्यात फोटोग्राफर उभा होता. फोन मीच करून ठेवला होता.
सचिव मागून हाका मारत होते, साहेब, हजेरीपट फिरेपर्यंत थांबा, सही करून जा. निषेध करणारा माणूस सहीसाठी ताटकळत नसतो. एवढंही कळत नाही यांना.
हात दुखतोय.

१३ जानेवारी
फोटो तिसऱ्या पानावर. तोंड उघडं आलंय, पण करारी. बायकोने विचारलं, गटाराचं काय ठरलं. म्हटलं, वातावरणनिर्मिती झाली. ती म्हणाली, म्हणजे काही नाही ठरलं. घरच्यांना राजकारण कळत नाही.
संकल्प: दर सभेला सभात्याग. बसून राहून कुणी मोठं झालेलं नाही.

९ फेब्रुवारी
दुसरा. या वेळी फाइल भिरकावली. रिकामी होती, त्यामुळे फार लांब गेली नाही.

९ मार्च
तिसरा. दार ओढायचं की ढकलायचं यात घोळ झाला, आवेश जरा ओसरला. सभागृहाच्या शिपायाला बजावलंय, चौथं मिनिट झालं की दार उघडून धरायचं. दर सभेला. न सांगता.

१४ मार्च
गटाराच्या कडेला राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई भेटल्या. घाण पाणी त्यांच्या घरात शिरतं. पलंगाला विटा लावल्यात. मागच्या निवडणुकीत गुडघे दुखत असताना माझ्यासाठी दारोदार फिरल्या होत्या. म्हटलं, बाई, तुमच्यासाठी तीनदा सभागृहाला लाथ मारली. म्हणाल्या, लाथ नको, पाइप पाहिजे.
विनोदी आहेत बाई.

११ मे
पाचवा. (चौथ्याची नोंद राहिली. लोकसंपर्क फार वाढलाय.)

२० मे
सचिवांचं पत्र. मी म्हणे सलग पाच मासिक सभांना गैरहजर. सहावीलाही गैरहजर राहिलो तर पद आपोआप रिकामं. तसा नियम आहे. हजेरीपट फिरतो मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झाल्यावर, म्हणजे विसाव्या मिनिटाला. मी चौथ्यालाच बाहेर.
तडक सचिवांकडे गेलो. म्हटलं, अहो, पाचही वेळा तुम्ही मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. म्हणाले, पाहिलं ना साहेब, पाठमोरं.

२१ मे
झोप नाही. घाबरलोय. ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. दारावरच्या पाटीवर नाव आहे, खाली ‘नगरसेवक’. खालची ओळ पुसली तर काय उरतं? नुसत्या नावाला बघून कुणी खुर्ची रिकामी करून देत नाही. दुसरा धंदा मला येत नाही. काही म्हणजे काही येत नाही.
संकल्प: सहाव्या सभेला बसायचं. आभाळ कोसळलं तरी.

१ जून
घरी बसण्याचा सराव. वीस मिनिटं लावली. सातव्या मिनिटाला आपोआप उभा राहिलो. बायको म्हणाली, जेवायला बरे तासभर बसता.

३ जून
नवी अडचण. गुपचूप बसलो तर वॉर्ड म्हणणार, हा मॅनेज झाला. मग तर पुढची निवडणूकही गेली. पण मार्ग सापडला. आधी सही, मग त्याग. वॉर्डातली पन्नास माणसं प्रेक्षक गॅलरीत बोलावतो. सही झाली की मी उठणार, मी उठलो की त्यांनी घोषणा द्यायच्या. सगळ्यांना दोनदा समजावून सांगितलं. माना डोलावल्या.
एवढं सोपं होतं. उगाच दोन आठवडे झोपलो नाही.

८ जून, सकाळी ९
तीन पेनं घेतली. तिन्ही चालतात.

८ जून, दुपारी ४
गेलं.
मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. सगळं सुरळीत चाललं होतं. चौथं मिनिट झालं आणि शिपाई उठला, दार सताड उघडलं आणि अदबीने धरून उभा राहिला. माझंच फर्मान. रद्द करायचं राहून गेलं होतं.
गॅलरीला वाटलं, वेळ झाली. घोषणा सुरू. मी हाताने थांबा, थांबा म्हणत होतो, त्यांना वाटलं या, या म्हणतोय. आले. मला खांद्यावर उचललं. खुर्चीचा एक हात तुटून माझ्याबरोबर आला. खांद्यावर चढवलेल्या माणसाला स्वतःहून उतरता येत नाही, हे आज कळलं. खाली सोडा म्हणून बोंबललो, तर खालचे म्हणाले, साहेब आज फॉर्मात आहेत. चौकापर्यंत नेलं.
धावत परतलो तेव्हा सचिव हजेरीपट कपाटात ठेवत होते. गयावया केली. डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. ते म्हणाले, साहेब, आज तरी बसाल असं वाटलं होतं. आणि कुलूप लावलं.

१७ जून
पद रिकामं झाल्याचं पत्र. पोटनिवडणूक लागणार.
संकल्प: पुन्हा निवडून येणार. ज्यांनी खांद्यावर घेतलं ते वाऱ्यावर सोडतील का?

२४ जून
प्रचारपत्रकात माझा लढा पुराव्यासह छापावा म्हणून सहाही सभांच्या इतिवृत्तांच्या कॉप्या काढल्या. सभात्याग हा शब्द कुठेच नाही. आहे ते एवढंच: विषय क्रमांक नऊ, गटाराचा पाइप बदलणे. मांडणारे सदस्य गैरहजर. विषय पुढे ढकलण्यात आला. सहा वेळा, एकाच अक्षरात.
सचिवांना विचारलं, विरोध कुणाचा होता? म्हणाले, कुणाचाच नाही, कुणीतरी उभं राहून वाचायचा होता, दोन मिनिटांचं काम.
अध्यक्षांचा डाव असणार.
नाही. डाव नाही. लाज वाटतेय.

२६ जून
उमेदवारी अर्जाला सूचक हवा. खांद्यावर घेणाऱ्यांपैकी कुणी फोन उचलत नाही. नर्सबाईंकडे गेलो. त्यांना नियम किती अन्यायाचा आहे ते पटवायचं म्हणून कॉप्या बरोबर नेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून सहाही वाचल्या. एकेक पान, सावकाश. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पाण्याचा डाग आहे. मी तो बघत राहिलो.
बाईंनी कॉप्या नीट जुळवून परत दिल्या. भाषण पाठ करून गेलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना. अर्ज खिशातून काढलाच नाही. येतो म्हणालो आणि दाराकडे वळलो.
त्या म्हणाल्या, बसा. आता तरी उठून जाऊ नका.
खोलीत कोरडी खुर्ची एकच होती. त्यांनी ती पुढे सरकवली. बसलो.