पाच वर्षांना बत्तीस दिवस कमी

५ डिसेंबर, सकाळी ६.१०
ठरलं. राजीनामा. बेचाळिसाव्या वर्षी नोकरीतून मोकळा होणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. पीएफ काढायचा आणि लासूर स्टेशनला शेळीपालन. शाळासोबती पुंजारामची जागा आहेच. घाई नाही. मी मुळात शांत माणूस.

दुपारी १.३०
जेवताना अकाउंट्सच्या अतुलने खोडा घातला. म्हणे सलग पाच वर्षं नोकरी झाली नसताना पीएफ काढला तर कर बसतो. माझी पाच वर्षं ६ जानेवारीला भरतात. बत्तीस दिवस! अतुल म्हणाला, मग तोवर गप बसा की. गप बसणं माझ्या रक्तातच आहे. कर भरणार नाही म्हणजे नाही.

९ डिसेंबर
राजीनामा दिला. हाही गप बसण्याचाच भाग. नोटीस महिनाभराची, म्हणजे सुटका ९ जानेवारीला. वर तीन दिवस शिल्लक. आमचे साहेब वैजनाथ सर नुसतं बघू म्हणाले. हादरले असणार.

१३ डिसेंबर
राजीनामा दिलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार? मीटिंगमध्ये सांगून टाकलं की एकच फॉर्म तीनदा भरायला लावणाऱ्याचं डोकं तपासलं पाहिजे. फॉर्म वैजनाथ सरांनी बनवलाय. फार हलकं वाटलं.

१५ डिसेंबर, रविवार
लासूरला गेलो. पुंजाराम म्हणाला, शेळ्यांना लई जीव लावावा लागतो, पहाटं उठावं लागतं, तुला जमायचं नाय. एका बोकडाने ज्या नजरेनं पाहिलं ती आवडली नाही. शेळीपालन रद्द. क्रांती चौकात ज्यूस सेंटर. बायको अश्लेषा विचारते, नक्की करायचंय काय तुम्हाला? तिला तपशील लागतात. मला दिशा पुरते.

१९ डिसेंबर, सकाळी १०
घात झाला. वैजनाथ सर हसत म्हणाले, तुमची घुसमट बघवत नाही, नोटीस माफ, शनिवारपासून येऊ नका. उद्या निरोपाचा केकही सांगितलाय म्हणे. अजून अठरा दिवस भरायचेत!

१०.२०
अतुल म्हणतो, तब्येतीपायी नोकरी सुटली तर कर लागत नाही. छातीत काहीतरी होतंयच. कंपनीच्या दवाखान्यात निघालो.

११.४५
बीपी उत्तम. दुसऱ्या हातावर घ्यायला लावलं. तेही उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या वयात असं बीपी क्वचितच बघायला मिळतं. सगळे एकमेकांना सामील आहेत.

२० डिसेंबर
सरांच्या केबिनमध्ये गेलो. कराचं सांगणं कमीपणाचं. म्हणून म्हणालो, सर, या कंपनीशिवाय मला करमायचं नाही, मला असं जाऊ देऊ नका. टॅक्सच्या विचारानं आवाज खरंच भरून आला. सर उठून जवळ आले, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, तुमच्या पोटात एवढी माया आहे हे ठाऊकच नव्हतं. केक रद्द. ९ जानेवारीपर्यंत मी राहतोय! माणसं हाताळायची कला कुणी माझ्याकडून शिकावी.

१ जानेवारी
ज्यूस सेंटर रद्द. फळं नासतात. हर्सूलच्या रस्त्यावर कराओके हॉल. या वर्षी धरसोड करायची नाही.

६ जानेवारी, सकाळी ९
पाच वर्षं पूर्ण! टॅक्स शून्य! अतुलला मिठी मारली. तो घाबरला.

संध्याकाळी ५
चार वाजता सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं होतं. निरोप समारंभ म्हणून मी भाषण पाठ करून गेलो. अश्लेषाही हजर, सरांनीच बोलावलेली. शाल झाली, नारळ झाला. मग सर म्हणाले, सोडून जाणारे पुष्कळ पाहिले, पण जाऊ देऊ नका म्हणून रडणारा हा पहिलाच. आणि सगळ्यांसमोर माझा राजीनामा फाडला.

टाळ्या. अश्लेषा डोळे पुसत होती. माझा एवढा अभिमान तिला लग्नातही वाटला नव्हता. खुलासा करायला मी उभा राहिलो. तिच्याकडे पाहिलं. आभारी आहे म्हणालो आणि खाली बसलो. मग मलाही रडू आलं. सरांनी पाणी मागवलं.

७ जानेवारी, सकाळी ७.५०
कंपनीची बस वेळेवर. खिडकीची जागा मिळाली. पीएफ आहे तिथंच आहे. कर लागला नाही.