बंदुकीला टोपी घाल

मार्गशीर्ष वद्य ४, सन १९३८. कळसाडी.
दगडू नंदुरबारहून आला. मिरची आणायला सांगितली होती, ती आणली. अर्धी फुटकी, नुसत्या बिया. पोत्याखालून बंदूक काढली. सासऱ्यांची जुनी, वातीने पेटवायची, तोड्याची होती, ती देऊन ही ठासणीची घेतली. परवान्यावर लिहूनही आणलं.
म्हणतो, "माय, देख तं खरी."
म्हटलं, "देखी. मिरची कोनी निवडी?"
सून गंगू पदराआड हसली. आईवर डाफरता येत नाही, म्हणून दगडू बायकोवर डाफरला.
दिवाळीत नदीपलीकडे दरोडा पडला तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच. तिथल्या म्हातारीच्या कानातलं निघेना, तर पाळ्याच ओढल्या. माझ्या बरोबरीची. परवा भेटून आले. दोन्ही कानांना हळद थापलेली, आणि मला विचारते, कापूस कितीक वेचला.
बंदूक बंदूक लिहून बोटं दुखली. पुढे ब. लिहीन.

वद्य ६.
मी नवी नवरी होते तेव्हा आमच्याही दाराशी आले होते, दिवस मावळताना. सासऱ्यांनी तोडा पेटवला, घराच्या धाब्यावर चढले, एक बार हवेत काढला. पळाले सगळे. माझ्या कानात तेव्हा जे होतं ते आजही आहे, पाळ्यांसकट. त्या ब.चे उपकार विसरत नाही. सासरा तसा काही चांगला नव्हता. पण तेवढं केलं त्याने.
आज ओट्यावर पोलीस पाटील आले, नवी ब. बघायला. त्यांना आवडलं नाही.
"गावमा चालती एक मन्ही बंदूक शे. तेवढी बस शे."
दगडू म्हणाला, "दरोडेखोर काय तुमले इचारीसन येतीन? तुमनं घर त्या टोकले. तुम्ही येतस तवलोक आम्ही काय करानं?"
"आनि घर घर बंदूक व्हई तं? आज भाऊभाऊमा काठ्या चालतस. उद्या काय चाली?"
दोघंही खरं बोलत होते. म्हणून बोलणं संपेना आणि चहा दोनदा टाकावा लागला.
आमचा राखणदार जात्र्या तिथेच दोर वळत बसला होता. सातपुड्यातला. अकरा वर्षं झाली आमच्याकडे. त्याचं तीरकामठं गोठ्यात टांगलेलं असतं, शेतात जाताना हातात. पाटील त्याला म्हणाले, "तुन्हा परवाना कोठे शे रे?"
"मन्हा बापनी दिन्हा."
सगळे हसले. जात्र्या नाही हसला. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वद्य ७.
जात्र्याची एक खोड लिहून ठेवते. दहा पावलांवर दार, तरी बांधावर उभा राहून हूऽऽ करतो. त्यांच्या डोंगरात घरं लांब लांब. आलेला माणूस लांबूनच हाक देतो, घरातून ओ आली की पुढे येतो. नाही आली तर उभाच. सुरुवातीला मला वैताग यायचा. भाकर थापू का याला ओ देऊ. आता सवय झाली, हात पिठात असले तरी ओ देते. हल्ली उजव्या कानाने कमी येतं. मग तो दोनदा ओरडतो.

वद्य ९.
दगडू ब. घेऊन शेतात जातो. ब. घेऊन परसाकडे जातो. विचारलं, तिथं काय लुटणार तुझं. तरी नेलीच.
गाद्या पिंजायला पिंजारी चाचा आला. दरवर्षी थेट ओसरीवर येऊन पान मागतो, आज फाटकाबाहेरच.
"चाचा, मजार, घरमा ये ना."
"पहिले उससे पूछो." दगडूच्या खांद्याकडे बोट.
दगडू हसला खरा, पण ब. काही खाली ठेवली नाही. चाचाने गाद्या रस्त्यावर बसून पिंजल्या. अंगणात कापूस उडाला नाही. बरं वाटलं नाही.

वद्य १२.
काल लिहिलं नाही. आज लिहिते.
काल दुपारी दगडूने ब.त दारू आणि छर्रे भरले, गजाने ठासले. तेवढ्यात ओरड झाली की बैल सुटला. तो पळता पळता सांगून गेला, "माय, बंदूकले टोपी घाली ठेव."
मी खुंटीवरची त्याची पांढरी टोपी काढली आणि ब.च्या तोंडावर घातली. नळीत धूळ जाऊ नये म्हणून असेल. छान बसली. सासऱ्यांच्या ब.ला तोडा होता, तिला टोपी लागत नव्हती. म्हटलं, या नव्या सुनेचे लाड.
दिवेलागणीची वेळ. सुमी, माझी नात, सात वर्षांची, कुठे होती? गंगूला वाटलं माझ्याजवळ, मला वाटलं गंगूजवळ.
नदीच्या बाजूने हाक आली. जात्र्या रोज गोठ्याकडून येतो, काल नदीकडून. रोज एकाच गळ्याची हाक असते, काल दोन गळ्यांची. एक जाड, एक बारीक. हे मला दगडूने मागाहून सांगितलं. मला काही ऐकू आलं नाही. मी ओ दिली नाही.
दगडू दारात गेला. पुन्हा दोन हाका. बांधावर एक माणूस, ताडमाड, दोन माणसांएवढा उंच, हातात लांबलचक काही. दगडूला वाटलं, आले. एकमेकांना खुणेच्या हाका देत आहेत. त्याने ब. उचलली, टोपी ओढून फेकली, खांद्याला लावली, चाप ओढला.
खट्.
पुन्हा घोडा चढवला. खट्.
आणि त्या उंच माणसाच्या वरच्या अंगाने आवाज आला, "मोठी माय व, मन्हा पायमा काटा गया!"
सुमी. जात्र्याच्या खांद्यावर. त्याच्या मागे नदीकडच्या शेतात गेली होती, काटा मोडला म्हणून त्याने उचलून आणली. त्याने हाक दिली तशी तीही देत होती. गंमत म्हणून.
दगडू उंबऱ्यावर खाली बसला. ब. हातातून सुटत नव्हती, बोटं मी एकेक करून सोडवली.
ब.बरोबर आलेली डबी आज उघडून बघितली. तांब्याच्या चिमुकल्या टोप्या, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. ती टोपी. घोडा तिच्यावर पडला की बार उडतो. तिच्याशिवाय ब. म्हणजे मुसळ.
आज देवापुढे दोन वाती लावल्या. एक सुमीची. एक माझ्या अडाणीपणाची. बाबा, शाळेत दोन यत्ताच घातलंस, फार बरं केलंस.

वद्य १४.
दगडू जेवत नाही. गंगू त्याच्याशी बोलत नाही. सुमीचा काटा निघाला, ती दोघांशी बोलते.
सकाळी दगडू स्वतः गोठ्यात गेला. मी शेणाची पाटी घेऊन मागे उभी होते, ऐकायलाच.
"जात्र्या, मी तुन्हावर चाप ओढा."
"दखं मी."
"मी घाबरी गयथू."
"घाबरना तरी ओ देवानी. मंग मार."
दगडू रडला. मोठा माणूस, मिशा आहेत. जात्र्या म्हशीला चारा टाकत राहिला, मग म्हणाला, "मोठी मायनी बी ओ दिन्ही नही." हे बरोबर. माझंही नाव घेतलं ते बरं केलं.
त्याला नवी घोंगडी दिली. म्हणाला, जुनी बरी शे. तरी घेतली. त्याच्या ताटात तूप वाढलं, आणि वाढतच राहिले. तोच म्हणाला, "बस, बस, भाकर पोही ऱ्हायनी." पोरीला काट्याच्या पायाने चालवत आणलं नाही, खांद्यावर घेतलं, एवढं त्याने केलं. मी काय केलं, टोपी घातली.

पौष शुद्ध २.
पाटलांचा निरोप. इंग्रजी वर्ष संपत आलं, ब.चा परवाना नवा करायचा, कचेरीतून कारकून चौकशीला येईल. घरात ब.ची गरज आहे का, घरातल्या मोठ्या माणसाला विचारतात म्हणे. मोठं माणूस म्हणजे मी.
दगडू म्हणतो, जमा करून टाकू. मग थोड्या वेळाने म्हणतो, आणि ते आले तर? मग म्हणतो, "माय, तू सांगशी ते."
दुपारी शेजारची ठकू आली. तिच्या घरात पुरुष नाही, दोन लेकी. तिला सगळं माहीत आहे, गावाला माहीत आहे, टोपीवरून सहा दिवस हसत आहेत. तरी माझा हात धरून म्हणाली, "काकू, जमा नका करा. तुमनाकडे शे म्हनीसन मन्हा डोळा लागस."
तिचंही खोटं नाही. सासऱ्यांनी बार काढला नसता तर माझ्या कानांनाही हळद लागली असती. ब.ने माझे कान राखले, आणि त्याच कानांनी हाक चुकवली.

शुद्ध ५.
कारकून आला आहे. चांगला मुलगा आहे, जोडे बाहेर काढले. ओट्यावर कागद पसरून बसला आहे, दगडू त्याच्यासमोर मान खाली घालून. चहा ठेवायला म्हणून आत आले आणि हे लिहिते आहे. चहा उतू गेला तर जाऊ दे.
त्याने नीट विचारलं. "आजी, ठेवायची की जमा करायची? एकच शब्द सांगा."
म्हटलं, "चहा पी आधी."
टोप्यांची डबी माझ्या कमरेच्या पिशवीत आहे, त्या दिवसापासून. सुपारीबरोबर. दगडूने मागितली नाही, मी दिली नाही. पण हे काही कायमचं नव्हे. मी किती दिवस पुरणार. आणि ते आले आणि मी सुपारीत चाचपडत बसले तर? ठकूच्या लेकी...
ब. भिंतीला उभी आहे. तोंडावर पांढरी टोपी. सुमीने घातली, काढू देत नाही.
कारकून बाहेरून हाक मारतो आहे. "आजी, ठरलं का?"
थांब रे बाबा. बांधावरून जात्र्याची पण हाक आली. डाव्या कानाने ऐकली, पहिल्याच वेळेला.
आधी त्याला ओ देऊन येते.