करवत बंद करायची नाही

बोईसर, ३ मार्च १९६५
पेट्रोलची करवत आज पुन्हा अडली. सकाळी गार होती तेव्हा दुसऱ्या झटक्याला सुरू. दोन चिंचा आडव्या केल्या, टाकी भरायला बंद केली, की मेल्यागत. करवत चालवणारा जानू दोरी ओढून ओढून घामाघूम. बाकीचे गडी हसू दाबत उभे. प्लग काढून बघितला, ठिणगी छान. जेवणं होईपर्यंत निवली आणि मुकाट सुरू झाली. गार असली की शहाणी, तापली की आडमुठी.

५ मार्च
शेडमध्ये उघडली. सिलिंडरच्या खाचांत तेलकट भुसा लिंपल्यासारखा बसलेला. पंख्याचं झाकण तडकलंय, त्यामुळे वारा लागतच नाही. खाचा घासल्या, फिल्टर धुतला, झाकणाला पत्रा बांधला. नवं झाकण मुंबईहून मागवलंय. सुपरवायझर सावंतांना म्हटलं, तोवर दर टाकीला अर्धा तास निवू द्या. तर म्हणतात, "फिटर, शिमग्याआधी रस्ता मोकळा हवाय. करवतीला वारा घालत बसू का?" मीही हसलो. उगाच हसलो.

७ मार्च
पत्रा दुपारपर्यंत टिकला. सावंतांनी तोडगा काढलाय: सकाळी सुरू केली की संध्याकाळपर्यंत बंद करायचीच नाही. पेट्रोलसुद्धा चालू असतानाच ओततात. तापलेल्या लोखंडावर! जानूला झापलं.
"बंद केली का उठत नाय ती, दादा. सगले हसतात. चालूच बरी हाय."


८ मार्च
मधेच विझू नये म्हणून सावंतांनी स्क्रू पिळून चाल वाढवली. आता रेस सोडली तरी साखळी फिरतच राहते. जानू ती तशीच फिरती हातात घेऊन एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. अनवाणी, तोडलेल्या फांद्यांतून. बघवत नाही. स्क्रू मी खाली केला. तासाभरात पुन्हा वर.

१० मार्च
जानूची बायको शेडवर आली होती. मनोरकडच्या डोंगरातली, दोघं इथेच झोपडी घालून राहतात. उन्हातच उभी राहिली, आत येईना.
"पेज पितानी पन त्याचे हात थरथरतात. वाडगा धरवत नाय. तुमी सायबाला बोला ना."
बोललो. सावंत म्हणाले, "झाकण आलं की बघू." ते येईपर्यंत माणूस टिकला पाहिजे, असं ओठांवर आलं होतं, गिळलं. भीती वाटते, ही खरी गोष्ट.
परवापासून करवत शेडबाहेर देणार नाही. नोकरी गेली तर गेली. परवा कशाला, उद्यापासूनच.

११ मार्च
उजाडताच शेडवर गेलो, तर करवत माझ्याआधीच नेलेली. सावंत वाट बघत उभे: "पार्सल आलंय, पालघर स्टेशनावरनं घेऊन या." गेलो. झाकण बरोबर निघालं, खुणेला खूण जुळते.

दुपारी परतलो. सावंतांना निरोप धाडलाय, करवत आहे तशी बंद करून पाठवा. हत्यारं मांडून बसलोय. काही सुचत नाही, म्हणून हे खरडतो.

ओढ्यापलीकडून करवतीचा आवाज येतोय. लाकडात शिरली की जड होतो, बाहेर आली की हलका. केव्हापासून हलकाच आहे. एका जागचा. झाड पडल्याचंही ऐकू आलं नाही. निरोप पोचून जानू विसावला असेल. पण मग बंद का नाही केली

आत्ता खोकत खोकत थांबली. पेट्रोल संपलं की अशीच थांबते.

एरवी दोरी ओढल्याचा आवाज इथवर येतो. आता कोणी ओढत नाही.

जातो.